तीन पायऱ्या

अमरावतीस आमच्या घराच्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत. काळ्या दगडाच्या, मध्यें झिजलेल्या, आणि एकीची उंची दुसरीशीं न जुळणाऱ्या. तीस वर्षें मी या पायऱ्या उतरून कॉलेजांत गेलों आणि त्याच चढून परत आलों. पण त्यांच्याकडे मीं कधीं लक्ष देऊन पाहिलें असेल असें मला वाटत नाहीं. आतां मात्र डोळे मिटून बसलों असतांहि कोण उतरत आहे आणि कोणत्या पायावर भार देत आहे, हें मला नुसत्या आवाजावरून सांगतां येतें. ही विद्या मला माझ्या नातीनें शिकविली. शिकविली तेव्हां ती साडेतीन वर्षांची होती.

२०२१ सालचा श्रावण होता. त्या वर्षीं फेब्रुवारीपासून अमरावती आणि अकोला हीं दोन्ही शहरें कोरोनाच्या साथीनें इतकीं गांजलीं होतीं कीं, अवघ्या शंभर किलोमीटरांवर अकोल्यास दिलेली मुलगी कित्येक महिने माहेरीं येऊं शकली नव्हती. पावसाळ्यांत निर्बंध सैल झाले आणि ती पोरीला घेऊन आली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. नात आंतून आली, वरच्या पायरीवर बसली, आणि दोन्ही हात टेकून, बसल्या बसल्या, एक एक पायरी घसरत खालीं उतरली. मीं विचारलें, "अग, चालत कां नाहीं उतरत?" ती म्हणाली, "आबा, माझा पाय अजून झोपला आहे."

मला हें उत्तर फार आवडलें. तें मीं शेजाऱ्यांना सांगितलें, कॉलेजांतल्या मित्रांना सांगितलें, आणि वाङ्मयाच्या प्राध्यापकाची नात शोभते खरी, अशी दाद सर्वांकडून मिळविली. दुपारपर्यंत तिचा पाय जागा होई, आणि मग ती अंगणांत इतर मुलांबरोबर धांवे. सकाळीं म्हातारी आणि दुपारीं पोर, असा हा क्रम चार दिवस चालला. पांचव्या दिवशीं तिला न्हाऊं घालतांना आमच्या सौभाग्यवतीला दिसलें कीं, उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या दोहों बाजूंस ज्या लहानशा खोलगट जागा असतात, त्या डाव्या गुडघ्याला नाहींतच. तो गुडघा भरून आलेला, गुळगुळीत, आणि हाताला किंचित् ऊन लागत होता. तेव्हां कुठें आम्हांला उमगलें कीं, आम्ही चार दिवस ज्याला काव्य समजत होतों तें रोगाचें लक्षण होतें.

पुढचे चार महिने कसे गेले तें मी थोडक्यांत सांगतों. कारण अशा हकीकती वाचकांच्याहि घरीं झाल्या असतील. ती झोपाळ्यावरून पडली असेल, असें प्रथम एका ठिकाणीं ठरलें, आणि तीन आठवडे पाय प्लॅस्टरमध्यें राहिला. प्लॅस्टर निघालें तेव्हां मांडी वाळलेली आणि गुडघा पूर्वीपेक्षां आंखडलेला. मग दुसऱ्या ठिकाणीं रक्त तपासलें, त्यांत एक आंकडा वाढलेला निघाला, आणि हा संधिज्वर असून पुढें हृदयाला अपाय करील, असें सांगून दर एकवीस दिवसांनीं पेनिसिलिनची सुई सुरू झाली. वस्तुतः त्या आंकड्यावरून मुलाचा घसा मध्यंतरीं एका विशिष्ट जंतूनें बिघडून गेला एवढेंच कळतें, हें मला पुष्कळ उशिरां समजलें. संधिज्वर हा पाहुणा आज एका सांध्यांत, तर उद्यां दुसऱ्या सांध्यांत उतरतो, आणि कांहीं आठवड्यांत निघून जातो. आमच्या पोरीच्या गुडघ्यांत आलेला मात्र बिऱ्हाड करून राहिला होता. त्यानंतर क्षयाची शंका निघाली. तिच्याबद्दल मी कोणाला दोष देत नाहीं. आपल्या देशांत एकच सांधा कित्येक आठवडे सुजून राहिला तर क्षयाचा विचार आधीं मनांत आलाच पाहिजे. त्या तपासण्या झाल्या आणि निर्मळ निघाल्या.

अखेर २०२२ च्या जानेवारींत नागपूरच्या एका डॉक्टरबाईंनीं रोगाचें नांव सांगितलें: बालसंधिवात. त्या केवळ लहान मुलांच्या सांध्यांचे रोग पाहणाऱ्या. वयानें माझ्या विद्यार्थिनी शोभाव्या अशा. संधिवात म्हणजे उतारवयाचा, ओसरीवर बसून कण्हणाऱ्या माणसांचा विकार, अशी माझी जन्माची समजूत. साडेतीन वर्षांच्या पोरीला तो कसा व्हावा? बाई म्हणाल्या, "सर, मुलांच्या या रोगाचें वर्णन जॉर्ज फ्रेडरिक स्टिल नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें लंडनमध्यें १८९७ सालीं केलें आहे. तो नवा नाहीं. आपण त्याला ओळखत नाहीं, एवढेंच." सोळा वर्षांच्या आंत सुरू झालेला, सहा आठवड्यांहून अधिक टिकलेला, आणि दुसरें कोणतेंहि कारण न सांपडणारा सांध्याचा दाह म्हणजे बालसंधिवात, अशी त्यांनीं व्याख्या सांगितली. शरीराचें रक्षण करणारी शक्तिच बावचळते आणि स्वतःच्या सांध्यावर चालून जाते. सांध्याच्या आंतलें अस्तर सुजतें, तेथें पाणी सांचतें, आणि रात्रभर पाय निश्चल राहिला कीं सकाळीं तो आंखडलेला असतो. झोपलेला पाय तो हाच.

आणि मग त्यांनीं उपाय सांगितला. पोरीला थोडा वेळ गुंगी द्यावयाची, गुडघ्यांतलें पाणी सुईनें काढावयाचें, आणि त्याच सुईच्या वाटेनें सांध्यांत स्टेरॉइड घालावयाचें.

"स्टेरॉइड?" मीं विचारलें. माझा आवाज जरा चढला असावा. कारण बाहेर बसलेल्या माणसांनीं आंत वळून पाहिलें.

या शब्दाची भीति माझ्या मनांत कोठून आली, तें सांगणें प्राप्त आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं माझी आई गुडघ्यांनीं अधू झाली होती. आठवड्याच्या बाजारांत बसणारा एक बुवा वाताचें औषध म्हणून कागदाच्या पुड्या देत असे. त्या पुड्या आईनें सुरू केल्या, आणि आठ दिवसांत ती अंबादेवीच्या देवळांत आपल्या पायांनीं जाऊन आली. गल्लींतल्या निम्म्या म्हाताऱ्या बुवाच्या गिऱ्हाईक झाल्या. वर्षभरांत आईचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला. प्रकृति सुधारली म्हणून आम्हीं समाधान मानलें. पुढें हातापायांच्या काड्या झाल्या, कातडीवर जांभळे डाग उठूं लागले, लघवींत साखर आली. आणि एके दिवशीं न्हाणीघरांत पाय सरकण्याचें निमित्त होऊन तिचें मांडीचें हाड मोडलें. "त्या पुडींत दुसरें कांहीं नाहीं, स्टेरॉइड असणार," असें इस्पितळांत सांगण्यांत आलें. आई त्या खाटेवरून उठली नाहीं. त्यांत २०२१ च्या उन्हाळ्यांत, कोरोनांतून उठलेल्यांना होणाऱ्या काळ्या बुरशीचा आणि याच औषधाच्या अतिरेकाचा संबंध रोज वर्तमानपत्रांत वाचावयास मिळत होता. तेव्हां तो शब्द उच्चारला गेला कीं माझ्या डोळ्यांपुढें आईचा तो वाटोळा चेहरा उभा राही.

डॉक्टरबाईंनीं शांतपणें सांगितलें कीं, पोटांत रोज घेतलेलें औषध सर्व शरीरांत पसरतें. हें सांध्यांत घातलेलें त्या जातीचें असलें तरी तें बहुतांशीं सांध्यांतच राहतें. ट्रायम्सिनोलोन म्हणून जें औषध त्यासाठीं वापरतात, तें पाण्यांत सहज विरघळत नाहीं, आणि म्हणूनच तें त्या जागीं राहून पुष्कळ दिवस काम करतें. एक दोन सांधेच धरलेल्या मुलांत हा उपाय शेवटीं करावयाचा नसून आरंभीं करावयाचा आहे. मीं तें सर्व ऐकलें, मान डोलविली, आणि बाहेर आल्यावर मुलीला व जांवयाला सांगितलें, "घाई करूं नका. मी वाचून पाहतों."

मी वाचूं लागलों. पुस्तकांत जन्म गेलेला माणूस संकटांत पुस्तकांकडेच जातो. पण तेथें त्याला हवें तेवढेंच सांपडतें. स्टेरॉइडच्या अपायांविषयीं जें जें छापलेलें आढळलें तें मीं खालीं रेघा ओढून वाचलें, आणि जेथें सांध्यांतल्या सुईबद्दल बरें लिहिलेलें दिसे तेथें डोळे आपोआप पुढें सरकत. तेवढ्यानें भागेना, म्हणून मी आपल्या विषयांत शिरलों. सर वॉल्टर स्कॉट हा दीड वर्षाचा असतांना उजव्या पायानें अधू झाला. हवापालटासाठीं त्याला सँडीनो येथें आजोबांच्या शेतावर ठेवलें होतें. आणि तेथें कोणाच्या तरी सल्ल्यानें, मेंढी मारली कीं तिच्या ऊनऊन कातड्यांत त्या पोराला गुंडाळून जमिनीवर ठेवीत, आणि म्हातारे आजोबा त्यानें रांगावें म्हणून नाना युक्त्या करीत. ही हकीकत स्कॉटनेंच आपल्या आत्मवृत्तांत दिली आहे. तो पुढें डोंगरदऱ्या तुडवीत हिंडला. लंगडत, पण हिंडला. झालें! मला आधार मिळाला. मुलें वाढतां वाढतां सुधारतात, असा सिद्धान्त मीं त्यावरून काढला; आणि सकाळ संध्याकाळ महानारायण तेल, ऊन पाण्याचा शेक, आणि दुखणें कमी करणारें एक पातळ औषध, एवढ्यावर पोरीला ठेवण्याचा सल्ला अकोल्यास फोनवरून दिला. स्कॉट आयुष्यभर लंगडला, ही गोष्ट मीं त्या वेळीं किती हलक्या हातानें बाजूला सारली!

माझी मुलगी मला वचकून असते असें नाहीं. पण तिचें शिक्षण माझ्या हातांखालीं झालें आहे, आणि "बाबांनीं वाचलें आहे" या वाक्याला तिच्या लेखीं वजन आहे. जांवई बोलणारे नव्हत. जानेवारी गेला, शिमगा गेला, उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा म्हणजे काय, हें वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगून कळणार नाहीं. त्या उन्हांत पोर सकाळचे दोन दोन तास आईच्या कडेवर असे, आणि आंखडलेला पाय घेऊन कडेवर बसणेंहि तिला नीट साधत नसे.

मे महिन्याच्या अखेरीस मी अकोल्यास गेलों. व्याह्यांचें घर जुन्या शहरांत आहे. विहीणबाई शेतावरच्या, अक्षरओळख बेताची. बोलणें सारें वऱ्हाडी. पोरीच्या गुडघ्यांत वारा भरला आहे, बिब्ब्याचा शेक द्यावा, असें आरंभीं त्यांनींच सुचविलें होतें, आणि मीं त्याला अडाणीपणा म्हणून हंसलों होतों. मी सकाळीं चहा घेत होतों, तों आंतल्या खोलींतून रडणें ऐकूं आलें. मोठ्यानें नव्हे, रोजचें झालें म्हणजे मूल जसें बारीक आवाजांत, कोणी येईल अशी आशा न धरतां रडतें, तसें. विहीणबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पदर सांवरून म्हणाल्या,

"भाऊ, एक विचारू का? डाक्टरीण सांगते तं सुई काऊन देत नाई तुमी? आमी अडाणी मानसं, बिब्बा सांगतला. तुमी तं शिकेल हा. पोरगी रोज सकाळी अशी रडते. तुमाले आयकू येत नाई, तुमी अमरावतीले राह्यता."

मीं चहाचा पेला खालीं ठेवला. आईची हकीकत त्यांना सांगूं लागलों. त्यांनीं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, 'अरे माय!' म्हणून हळहळल्या, आणि मग म्हणाल्या, "पन ते पुडी व्हती ना, भाऊ. कोनं देल्ली, काय व्हतं तिच्यात, कोनाले मालूम? हे तं डाक्टरीण नाव घेऊन सांगते."

इतके दिवस न बोललेले जांवई त्या रात्रीं बोलले. शेतीशास्त्राचें त्यांचें शिक्षण झालेलें आहे. ते म्हणाले, "बाबा, तुमच्याकडे वरूड-मोर्शीला संत्र्याच्या झाडाला पाणी कसें देतात, तें तुम्हीं पाहिलेंच आहे. बुंध्याभोवतीं दोन बांगड्यांचें आळें करतात. पाणी बाहेरच्या बांगडींत, मुळांना जेथें पाहिजे तेथें. बुंध्याला लागलें तर डिंक्या होऊन झाड जातें. पाणी तेंच, एका जागीं दिलें तर जगवतें आणि दुसऱ्या जागीं दिलें तर मारतें." मी जन्मभर उपमा शिकवीत आलों, त्या रात्रीं एक मला शिकविण्यांत आली.

नागपूरची तारीख जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांतली मिळाली. अकोल्याहून अमरावतीवरून जाणारा तो महामार्ग कित्येक वर्षें असा उखडलेला होता कीं, प्रत्येक खड्ड्यागणिक पोर दांतओठ खाई. नेमक्या त्याच दिवसांत तो नवा होत होता. ३ जूनच्या सकाळीं सुरुवात करून १०५ तास आणि ३३ मिनिटांत लोणी आणि माना या गांवांच्या दरम्यान ७५ किलोमीटर एकपदरी डांबरी रस्ता सलग घातला गेला, आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकांत झाली. आम्ही गेलों तेव्हां डांबराचा वास अजून ताजा होता. सर्व वऱ्हाडाला त्या विक्रमाचा अभिमान वाटला, मलाहि वाटला; पण गाडींत बसल्या बसल्या मी मनांत दुसराच हिशेब करीत होतों. जानेवारी ते जून, पांच महिने. आणि ज्यासाठीं ते घालविले तें काम, डॉक्टरबाईंच्या म्हणण्याप्रमाणें, पंधरा मिनिटांचें.

तें पंधरा मिनिटांतच झालें. सकाळपासून पोरीला उपाशी ठेवलें होतें, म्हणून ती रागावलेली होती. तिला आंत नेलें, आणि मी बाहेर भिंतीवरचें घड्याळ पाहत बसलों. थोड्या वेळानें बाई बाहेर आल्या व त्यांनीं मला सुईच्या नळींत काढलेलें पाणी दाखविलें: गढूळ, पिवळसर, चांगलें दोन चहाचे चमचे भरेल एवढें. एवढें पाणी त्या एवढ्याशा गुडघ्यांत सांचून होतें, आणि त्यावर मी तेल चोळावयास सांगत होतों. पोर जागी झाली तेव्हां गुडघ्यावर एक चिकटपट्टी होती. तिला तिचें कौतुक वाटलें, आणि समोसा मागितला. दोन दिवस धांवूं देऊं नका, एवढेंच पथ्य सांगण्यांत आलें.

परततांना मायलेकी अमरावतीसच उतरल्या. तिसऱ्या दिवशीं सकाळीं मी आंतल्या खोलींत दाढी करीत होतों. बाहेर पायऱ्यांवर आवाज झाला. टप्, टप्, टप्. घसरण्याची सर् नाहीं, कीं मध्यें थांबणें नाहीं. मीं वस्तरा खालीं ठेवला. स्वयंपाकघरांतून सौभाग्यवती बाहेर आली. तिनेंहि तें ऐकलें होतें. आम्ही दोघें दारांत आलों तों पोर अंगणांत, तुळशीपाशीं, दोन्ही गुडघे मोडून उकिडवी बसून मुंग्या पाहत होती. दहा महिन्यांत ती तशी बसली नव्हती. "अहो, बोलूं नका," सौभाग्यवती म्हणाली, "तिला कळूं देऊं नका आपण पाहतों आहों तें."

राहिलेलें वाचन मीं त्यानंतर केलें. मागें ज्या पानांवरून डोळे सरकले होते, त्या पानांकडे आतां मुद्दाम गेलों. अमेरिकेंत रॉचेस्टर गांवीं मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच नांवाच्या डॉक्टराला १९२९ सालीं असें आढळलें कीं, कावीळ झाली असतां संधिवाताच्या रोग्याचे सांधे कांहीं काळ मोकळे होतात. शरीरांतच कांहीं औषध तयार होत असलें पाहिजे, ही शंका त्यानें जवळजवळ वीस वर्षें उराशीं बाळगली. त्याचा सहकारी एडवर्ड केंडल यानें मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून जीं द्रव्यें वेगळीं काढलीं होतीं, त्यांपैकीं एक, ज्याला पुढें कॉर्टिसोन म्हणूं लागले, तें १९४८ च्या सप्टेंबरांत एका संधिवातानें खिळलेल्या बाईला टोचण्यांत आलें. ती थोड्याच दिवसांत उठून बाजारहाट करावयास गेली. १९५० सालीं केंडल, हेंच आणि स्वित्झर्लंडमधला राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालें. जगाला अमृत सांपडल्यासारखें वाटलें. मग लोकांनीं तें महिनेच्या महिने घेतलें, आणि माझ्या आईचें जें झालें तें पुष्कळांचें झालें. पण त्याच वेळीं, १९५१ सालीं, फिलाडेल्फियांतल्या हॉलंडर नांवाच्या डॉक्टरानें त्याच कुळांतलें हायड्रोकॉर्टिसोन सरळ सांध्यांत घालून पाहिलें. म्हणजे माझ्या आईच्या पुडीची आणि माझ्या नातीच्या सुईची वाट माझ्या जन्मापूर्वींच वेगळी झालेली होती. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्ह्युमॅटॉलॉजी या संस्थेनें २०२१ च्या म्हणून ज्या शिफारशी काढल्या आहेत, त्यांत थोडे सांधे धरणाऱ्या बालसंधिवातांत ही सुई आरंभींच द्यावी, आणि पोटांतून स्टेरॉइड देणें शक्यतों आरंभीं टाळावें, असें आहे. माझें भय आणि त्या बाईंचा उपाय हीं दोन्ही एकाच पानावर, एकाखालीं एक, छापलेलीं होतीं.

हा उपाय म्हणजे जादू आहे असें मात्र वाचकांनीं समजूं नये. सुई दिली त्या जागीं कांहीं महिन्यांनीं कातडी पांढुरकी पडली आणि वाटाण्याएवढा खळगा झाला. औषधाचा थेंब कातडीखालीं राहिला तर असें होतें. बाईंनीं तें आधींच सांगून ठेवलें होतें. पोर तो खळगा मैत्रिणींना दाखविते आणि 'माझ्या गुडघ्याला खळी पडते' म्हणून सांगते. पुढें २०२३ च्या पावसाळ्यांत तोच गुडघा पुन्हा सुजला. या वेळीं मुलीनें मला विचारलें नाहीं. नागपुराहून परततांना फोन करून 'देऊन आणली' एवढेंच कळविलें. तिसऱ्यांदा सूज आली तर आठवड्याला एकदां घ्यावयाच्या गोळ्या सुरू कराव्या लागतील, असें डॉक्टरबाईंनीं सांगून ठेवलें आहे.

आणि डोळ्यांचें तर मला माहीतच नव्हतें. ज्या मुलांना हा रोग असतो त्यांच्यापैकीं कांहींच्या डोळ्यांत, विशेषतः लहान वयांत सुरुवात झालेल्या मुलींच्या डोळ्यांत, आंतल्या आंत दाह सुरू होतो. डोळा लाल होत नाहीं, दुखत नाहीं. मूल तक्रार करीत नाहीं. आणि दृष्टि गेल्यावर तें आईबापांना कळतें. म्हणून दर तीन महिन्यांनीं नेत्रवैद्याकडून विशेष यंत्रानें डोळे तपासून घ्यावयाचे, गुडघा बरा असो वा नसो. पहिल्यांदा हें ऐकलें तेव्हां 'पोरीला तर सुई ओंवतां येते, तिच्या डोळ्यांना काय झालें आहे?' असें माझ्या ओठांवर आलें होतें. मीं तें गिळलें. आजवर डोळे स्वच्छ आहेत. त्या तपासणीचे दिवस मी माझ्या दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहून ठेवतों, आणि जांवयांना आठवण करण्यासाठीं आदल्या दिवशीं फोन करतों. त्यांना त्याची गरज नसते, तरी ते 'बरें झालें, बाबा' म्हणतात.

एक गोष्ट राहिली. सुईनंतर तीन महिन्यांनीं आम्ही बाईंकडे गेलों असतां त्यांनीं पोरीला भिंतीशीं सरळ उभें केलें, आणि उजव्या पावलाखालीं एकामागून एक पातळ फळ्या सरकवून कंबर समान होते कीं नाहीं तें पाहिलें. सुजलेल्या सांध्याकडे रक्त अधिक धांवतें. हाडांचीं वाढणारीं टोकें तेथेंच, गुडघ्यालगत असतात; त्यांना हें जास्तीचें रक्त मिळतें आणि तीं उतावळेपणानें वाढूं लागतात. म्हणून दुखरा पाय आंखूड न होतां लांब होतो. सूज जितकी लौकर उतरवावी तितका हा फरक कमी राहतो. डावा पाय दीड सेंटिमीटर लांब भरला. बाई तो आंकडा लिहीत असतां मीं विचारलें, "जानेवारींतच सुई दिली असती तर?" त्यांनीं लिहिणें थांबवून माझ्याकडे पाहिलें. "तें कसें सांगतां येईल, सर?" त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "वाढीच्या वयांत पुष्कळदां जुळून येतें," असें म्हणाल्या. त्या मनानें चांगल्या आहेत.

तोंपर्यंत उजव्या बुटाला जाड सोल लावावयाचा. तें काम मीं माझ्याकडे घेतलें आहे. दर जूनमध्यें शाळेचे नवे बूट आले कीं ते अकोल्याहून माझ्याकडे येतात, आणि मी ते राजकमल चौकाजवळच्या एका चांभाराकडे घेऊन जातों. म्हातारा कुशल आहे. रबराचा थर असा बेमालूम बसवितो कीं वर्गांतल्या मुलांना कळत नाहीं. पहिल्या वर्षीं मीं त्याच्यापुढें बूट ठेवले तेव्हां त्यानें दोन्ही उचलून पाहिले आणि विचारलें,

"कोनता पाय आखूड हाय जी, पोरीचा?"

"आंखूड नाहीं," मीं सांगितलें. "दुसरा लांब झाला आहे."

"तेच ते झालं, बावाजी," तो म्हणाला, आणि रबर कापण्यासाठीं रापी घासूं लागला. "किती लावू?"

"एक सेंटिमीटर."